हैदराबाद सिटी पोलीसचे सर्वोत्तम खेळाडू आणि त्यांना घडवणारे मास्तर : सय्यद अब्दुल रहीम

मागच्या आठवड्यात आठवीच्या वर्गावर ऑफ तासाला गेलो होतो. मागच्या बाकावरच्या चार-पाच मुलांचा जोरात वाद चालला होता. वही उघडून यादी केलेली होती. रिअल माद्रिदच्या इतिहासातले सर्वोत्तम दहा खेळाडू. पहिला कोण, दुसरा कोण यावरून भांडण. एकजण गोल मोजत होता, दुसरा ट्रॉफ्या मोजत होता. मी थोडा वेळ ऐकलं आणि मग त्यांना एक काम दिलं. म्हटलं, आता हैदराबाद सिटी पोलीसच्या सर्वोत्तम पाच खेळाडूंची यादी करून दाखवा.

मुलं माझ्याकडे बघतच राहिली. पोलीस आणि फुटबॉल? असा काही संघ होता हेच कुणाला माहीत नव्हतं. चूक त्यांची नाही. आपणच त्यांना कधी सांगितलं नाही. ज्या संघाने मुंबईची रोव्हर्स कप स्पर्धा सलग पाच वर्षं जिंकली, ज्या संघाने भारताला ऑलिम्पिकचे खेळाडू दिले, त्या संघाचं नाव आज पोरांच्या तोंडी नाही. आणि त्या संघाच्या मागे जो माणूस उभा होता, तो तर पेशाने शाळामास्तर होता. म्हणून हा लेख. यादी मी करणारच आहे, पण त्याआधी त्या मास्तरची गोष्ट सांगायला हवी.

उस्मानियाचा विद्यार्थी, शाळेचा मास्तर

सय्यद अब्दुल रहीम यांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ रोजी हैदराबादमध्ये झाला. तेव्हाचं हैदराबाद म्हणजे निजामाचं संस्थान. आपला मराठवाडा त्याच संस्थानात होता. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद या जिल्ह्यांतल्या लोकांना मुंबईपेक्षा हैदराबाद जवळचं वाटायचं. कोर्टाची कामं, नोकरी, शिक्षण, सगळं तिकडेच. १९१८ साली तिथे उस्मानिया विद्यापीठ सुरू झालं. विज्ञानापासून कायद्यापर्यंत सगळं शिक्षण उर्दूतून. मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत आजही आजोबांची उस्मानियाची सनद फ्रेम करून भिंतीवर लावलेली दिसते.

रहीम साहेब याच उस्मानियाचे. अभ्यासात बरे आणि मैदानावर त्याहून बरे. विद्यापीठाच्या संघातून खेळले, पुढे इलेव्हन हंटर्स नावाच्या संघातून खेळले, मग हैदराबादच्या स्थानिक लीगमधल्या कमर क्लबकडून. खेळाडू म्हणून ते चांगले होते, पण त्यांचं नाव देशभर व्हावं असं काही त्यात नव्हतं. खेळता खेळता त्यांनी दुसरा मार्ग धरला. पदवी घेतली आणि शिक्षक झाले. काचीगुडा मिडल स्कूल, उर्दू शरीफ स्कूल, दारुल उलूम हायस्कूल, चादरघाट हायस्कूल अशा शाळांमध्ये त्यांनी शिकवलं. पुढे शारीरिक शिक्षणाचा डिप्लोमा केला आणि शाळेतल्या खेळांची जबाबदारी त्यांच्याकडे आली.

मी स्वतः बीएड करून वीस वर्षं शिकवतोय, म्हणून मला ही पायरी फार महत्त्वाची वाटते. पुढे जे काही त्यांनी भारतीय संघासोबत केलं त्याचं मूळ या वर्गांत आहे. शाळेत निवडून आणलेली पोरं मिळत नाहीत. जी येतात त्यांनाच शिकवावं लागतं. एकाला एक जमतं, दुसऱ्याला दुसरं. कुणाचं गणित कच्चं, कुणाचं वाचन. मास्तरला रोज तेच बघावं लागतं की या पोराला नेमकं कुठे अडतंय. रहीम साहेबांची नजर अशी शाळेत तयार झाली.

१९४० च्या दशकात ते हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे सेक्रेटरी झाले आणि शहराच्या फुटबॉलची घडी त्यांच्या हातात आली. हैदराबाद सिटी पोलीसचा संघही त्यांच्याच देखरेखीखाली घडला. पोलीस खात्याच्या संघाचा एक मोठा फायदा होता. खेळाडूला नोकरी मिळायची. गरीब घरातल्या पोराला घरी पगार देता यायचा आणि सकाळ-संध्याकाळ मैदानही मिळायचं. आजच्यासारखा करोडोंचा करार नव्हता, पण चूल पेटत होती. त्या काळात फुटबॉलवर पोट भरायचा हाच मार्ग होता.

डावा पाय बांधून ठेवू नका

रहीम साहेबांची शिकवण्याची पद्धत आज वाचली तरी नवी वाटते. त्यांनी हैदराबादमध्ये अशा स्पर्धा भरवल्या जिथे ड्रिबलिंगला मनाई होती. म्हणजे चेंडू पायात घेऊन तिघा-चौघांना चकवत धावायचं नाही. चेंडू आला की लगेच दुसऱ्याला द्यायचा. त्या काळात आपल्याकडे ड्रिबलिंग करणाऱ्यालाच लोक टाळ्या वाजवायचे. रहीम साहेबांनी तेच बंद केलं, म्हणजे पोरांना मान वर करून साथीदार कुठे आहे हे बघायची सवय लागावी.

दुसरी गोष्ट, कमजोर पायाचे सामने. ज्याचा उजवा पाय चांगला त्याने फक्त डाव्या पायाने खेळायचं. सुरुवातीला हसू व्हायचं असणार, चेंडू भलतीकडेच जात असणार. पण काही महिन्यांनी त्या खेळाडूला दोन पाय व्हायचे. वर्गात आम्ही काय करतो? ज्याला गणित येतं त्यालाच फळ्यावर बोलावतो, कारण त्यात आम्हालाही सोपं पडतं. रहीम साहेब उलट करायचे. जे येत नाही तेच करून घ्यायचे.

वयाच्या आणि उंचीच्या मर्यादेतल्या स्पर्धाही ते घेत, म्हणजे लहान चणीच्या मुलांनाही संधी मिळावी. आणि खेळाडूला एकाच जागेचा करून ठेवायचा नाही, हा त्यांचा आणखी एक नेम. बॅक असेल तर त्याला पुढेही खेळता आलं पाहिजे, फॉरवर्डला मागे येऊन बचावही करता आला पाहिजे. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे जकार्तात हीच कामी आली.

पोरं शोधायला ते स्वतः मैदानं फिरायचे. तुलसीदास बलराम हा सिकंदराबादजवळच्या अम्मुगुडाचा गरीब घरातला मुलगा. पाय सोन्याचे, पण हैदराबादला सरावाला यायचं तर रोजच्या प्रवासाचे पैसे कुठून आणायचे? रहीम साहेबांनी त्याच्या सायकलच्या भाड्याची सोय केली. तोच बलराम पुढे भारताच्या आजवरच्या सर्वोत्तम फॉरवर्डपैकी एक झाला. सायकलचं भाडं मिळालं नसतं तर? प्रत्येक गावात असा एखादा बलराम असतो आणि बहुतेक वेळा ते भाडं त्याला मिळत नाही.

१९४८ नंतरची दोन वर्षं

आता एक गोष्ट जी खेळाच्या पुस्तकांत सहसा येत नाही. हैदराबाद सिटी पोलीसचा सुवर्णकाळ १९५० साली सुरू झाला. त्याच्या फक्त दोन वर्षं आधी, सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस ॲक्शन झाली आणि हैदराबाद संस्थान भारतात विलीन झालं. रझाकारांचा काळ आणि त्यानंतरची होरपळ, हे दोन्ही आमच्या भागातल्या वडीलधाऱ्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. कितीतरी मुस्लिम कुटुंबं उद्ध्वस्त झाली. नोकऱ्या गेल्या. अनेकजण पाकिस्तानला निघून गेले. जे राहिले त्यांच्याकडे बरेच लोक संशयाने बघत होते.

अशा काळात हैदराबादच्या पोलीस खात्याचा संघ, ज्यात बहुसंख्य मुस्लिम पोरं होती, दिल्लीला गेला. स्वातंत्र्यानंतरची पहिली ड्युरंड स्पर्धा १९५० मध्ये भरली होती. हैदराबादच्या पोरांनी मोहन बागानसारख्या बलाढ्य संघाला हरवून ती जिंकली. त्याच वर्षी मुंबईला रोव्हर्स कपही जिंकली.

रोव्हर्स कपचं महत्त्व मुंबईच्या जुन्या लोकांना सांगायला नको. १८९१ पासूनची स्पर्धा. सुरुवातीची कितीतरी वर्षं ती गोऱ्यांच्या पलटणीच जिंकायच्या. १९३७ मध्ये बंगलोर मुस्लिम्सने ती जिंकली आणि पहिल्यांदा भारतीय संघाचं नाव कपावर कोरलं गेलं. १९४० मध्ये कलकत्त्याच्या मोहम्मडन स्पोर्टिंगने जिंकली. कूपरेजच्या मैदानावर त्या दिवसांत पाय ठेवायला जागा नसायची. त्याच कूपरेजवर हैदराबाद सिटी पोलीसने १९५०, १९५१, १९५२, १९५३ आणि १९५४ अशी सलग पाच वर्षं रोव्हर्स कप उचलली.

दोन वर्षांपूर्वी ज्या शहराचं नाव घेतलं की लोकांना भांडण आठवायचं, त्याच शहराचं नाव आता लोक फुटबॉलसाठी घेऊ लागले. हे रहीम साहेबांनी भाषणं देऊन केलं नाही. सकाळी मैदानावर पोरांना उभं करून केलं. माझ्या मते त्यांच्या आयुष्यातलं हे सर्वात मोठं काम आहे, एशियन गेम्सच्या पदकांपेक्षाही.

माझी यादी

आता वर्गातल्या मुलांना जे काम दिलं होतं ते मीच करतो. हैदराबाद सिटी पोलीसचे सर्वोत्तम पाच. वाद घाला, हरकत नाही.

पहिला नूर मोहम्मद. हाफबॅक. १९५१ च्या पहिल्या एशियन गेम्सच्या सुवर्णपदक विजेत्या संघात होता. १९५२ चं हेलसिंकी आणि १९५६ चं मेलबर्न, दोन ऑलिम्पिक खेळला. हाफचं काम म्हणजे घरातल्या मोठ्या भावासारखं. सगळं सांभाळायचं आणि नाव दुसऱ्याचं व्हायचं. म्हणून मी त्याला पहिला नंबर देतो.

दुसरा युसूफ खान. बॅक म्हणा, हाफ म्हणा, फॉरवर्ड म्हणा, कुठेही उभा करा. १९६० चं रोम ऑलिम्पिक, १९६२ चं जकार्ताचं सुवर्णपदक आणि १९६६ मध्ये अर्जुन पुरस्कार. रहीम साहेबांना हवा होता तसा खेळाडू, कुठल्याच एका जागेला न चिकटलेला. खरं तर पदकं आणि पुरस्कार मोजले तर हाच पहिला यायला हवा. पण मी पाच रोव्हर्सवाल्या पिढीला झुकतं माप दिलंय.

तिसरा अझीझुद्दीन. बचावाची भिंत. हेलसिंकी आणि मेलबर्न, दोन्हीकडे भारताच्या संघात.

चौथा मोइनुद्दीन. फॉरवर्ड. हेलसिंकीच्या ऑलिम्पिक संघात त्याचं नाव होतं.

पाचवा झुल्फिकारुद्दीन. विशीतच मेलबर्न ऑलिम्पिकला गेला.

बलरामला मी यादीत घेतलं नाही, कारण त्याचं मोठं नाव कलकत्त्याच्या ईस्ट बंगालकडून खेळताना झालं. नाहीतर तो पहिला आला असता. अहमद हुसेन हाही हैदराबादचाच, मेलबर्नला गेलेला, पुढे कलकत्त्याला गेला. १९७० च्या एशियन गेम्समध्ये भारताला ब्राँझ मिळवून देणाऱ्या संघाचा कॅप्टन सय्यद नईमुद्दीन, तोही हैदराबादचाच. यादी लांबवली तर संपणार नाही.

पण यादी करताना माझ्या लक्षात आलं की प्रत्येक नावामागे तेच एक नाव येतंय. आणि ते नाव यादीत कुठेच बसत नाही, कारण त्या माणसाने या संघासाठी एकही गोल केलेला नाही.

अनवाणी हेलसिंकी ते मेलबर्न

मार्च १९५१ मध्ये दिल्लीत पहिल्या एशियन गेम्स झाल्या. भारतीय संघाचे कोच होते रहीम साहेब. कॅप्टन शैलेन मन्ना. अंतिम सामन्यात इराणला १-० ने हरवलं. साहू मेवालालने गोल केला आणि आशियातलं पहिलं सुवर्ण भारताकडे आलं.

पुढच्याच वर्षी हेलसिंकीला फजिती झाली. युगोस्लाव्हियाने भारताला १०-१ ने हरवलं. आपले बरेच खेळाडू अनवाणी खेळत होते. थंडी, ओलं गवत आणि समोर बूट घातलेले तगडे युरोपियन. कोच तेच होते, रहीम साहेब. ही गोष्ट मी मुद्दाम सांगतोय. थोर माणसांच्या चरित्रात फक्त विजय लिहिले की ते खोटं वाटायला लागतं. दहा गोल खाल्लेल्या संघाचा कोच परत कसा उभा राहतो, हे मुलांना जास्त कळायला हवं.

त्या हारेनंतर भारतीय खेळाडूंना बूट सक्तीचे झाले. पण बूट घालणं म्हणजे पायात चामडं अडकवणं एवढंच नव्हतं. ज्याने आयुष्यभर उघड्या पायाने चेंडू ओळखला त्याला सगळं नव्याने शिकावं लागलं. रहीम साहेबांनी हे शिकवलं. शिवाय ते जगाकडे बघत होते. १९५३ मध्ये हंगेरीने वेम्बलीवर इंग्लंडला ६-३ ने हरवलं आणि सगळ्या फुटबॉलच्या दुनियेला धक्का बसला. हंगेरीचा सेंटर फॉरवर्ड पुढे न थांबता मागे येऊन खेळायचा, त्यामुळे समोरच्या बचावाला कळायचंच नाही की त्याला कोणी धरायचं. ही चाल रहीम साहेबांनी आपल्या संघात आणली. चार बॅक, दोन हाफ आणि चार फॉरवर्ड अशी रचना ब्राझीलने १९५८ चा वर्ल्ड कप जिंकून जगात गाजवली. त्या दिशेने रहीम साहेब आधीच पोरांना तयार करत होते.

त्याचं फळ १९५६ मध्ये मेलबर्नला मिळालं. १ डिसेंबर १९५६ रोजी भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला त्यांच्याच मैदानावर ४-२ ने हरवलं. मुंबईत खेळणारा, मूळचा गोव्याचा नेव्हिल डिसूझा याने तीन गोल केले. ऑलिम्पिकमध्ये हॅट्ट्रिक करणारा तो पहिला आशियाई. उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोलही त्यानेच केला, पण शेवटी भारत ४-१ ने हरला. ब्राँझच्या सामन्यात बल्गेरियाने ३-० ने हरवलं. भारत चौथा आला. ऑलिम्पिक फुटबॉलच्या उपांत्य फेरीत पोचलेला तो पहिला आशियाई संघ. चार वर्षांपूर्वी ज्यांनी दहा गोल खाल्ले होते, त्यांचीच ही मजल.

त्याच काळात हैदराबादने १९५६-५७ आणि १९५७-५८ अशी लागोपाठ दोन वर्षं संतोष ट्रॉफीही जिंकली.

१९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये गट फार कठीण मिळाला. हंगेरीकडून १-२, फ्रान्सशी १-१, पेरूकडून १-३. फ्रान्सविरुद्ध पी. के. बॅनर्जीने गोल केला, बाकीचे दोन्ही गोल बलरामचे, सायकलच्या भाड्यावर सरावाला येणाऱ्या त्याच पोराचे.

जकार्ता, १९६२

रहीम साहेबांचं शेवटचं मोठं काम जकार्ताचं. तोवर शरीर साथ देत नव्हतं. सिगारेट त्यांची सुटली नव्हती आणि कॅन्सरने आतून पोखरायला सुरुवात केली होती. माणूस आजारी होता, पण संघ सोडायला तयार नव्हता.

संघ तगडा होता. चुनी गोस्वामी कॅप्टन. पी. के. बॅनर्जी, चुनी आणि बलराम हे तीन फॉरवर्ड. पंजाबचा जर्नेल सिंग बचावात. अरुण घोष, केरळचा चंद्रशेखर, गोव्याचा फोर्तुनातो फ्रँको, राम बहादूर, त्रिलोक सिंग. गोलमध्ये उंचापुरा पीटर थंगराज. आणि आपला युसूफ खान. नावं वाचा परत एकदा. हिंदू, मुस्लिम, शीख, ख्रिश्चन, बंगाली, पंजाबी, मद्रासी, गोवेकर, हैदराबादी. कलकत्त्यात मोहन बागान आणि ईस्ट बंगालचे लोक एकमेकांचं तोंड बघत नाहीत, आणि इथे मोहन बागानचा चुनी आणि ईस्ट बंगालचा बलराम एकाच फळीत खेळत होते. या सगळ्यांना एका दोरीत बांधणारा होता चादरघाटच्या शाळेतला मास्तर.

पहिलाच सामना दक्षिण कोरियाकडून २-० ने हरले. त्यानंतर थायलंडला ४-१ आणि जपानला २-० ने हरवलं. थायलंडच्या सामन्यात जर्नेल सिंगच्या डोक्याला मार लागला, टाके पडले. बॅकला डोक्याने चेंडू अडवावा लागतो, मग आता याला कुठे ठेवायचं? रहीम साहेबांनी त्याला सेंटर फॉरवर्ड केलं. बघणाऱ्यांना हा वेडेपणा वाटला असेल. पण ज्याने आयुष्यभर पोरांना एका जागेत अडकू दिलं नाही त्याला त्यात काही विशेष वाटलं नसावं. उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामला ३-२ ने हरवून भारत अंतिम फेरीत आला.

बाहेरचं वातावरण फार वाईट होतं. इंडोनेशियाने इस्रायल आणि तैवानच्या खेळाडूंना या स्पर्धेला येऊ दिलं नव्हतं. भारताचे क्रीडा पदाधिकारी जी. डी. सोंधी यांनी त्यावर आक्षेप घेतला आणि जकार्तात लोक भारतावर चिडले. भारतीय वकिलातीवर जमावाने हल्ला केला. त्यात खेळाडूंचा काही दोष नव्हता, पण शिव्या त्यांनाच खाव्या लागल्या.

४ सप्टेंबर १९६२. सेनायन स्टेडियममध्ये सुमारे एक लाख लोक, आणि बहुतेक सगळे भारताच्या विरोधात ओरडणारे. समोर पहिल्या सामन्यात हरवलेला दक्षिण कोरिया. १७ व्या मिनिटाला पी. के. बॅनर्जीने गोल केला. २० व्या मिनिटाला जर्नेल सिंगने दुसरा, डोक्याला पट्टी बांधलेल्या त्या बॅकने. कोरियाने शेवटी शेवटी एक गोल फेडला, पण थंगराज आणि बचावाने सामना हातातून जाऊ दिला नाही. भारत २-१ ने जिंकला. त्या गर्दीत भारताच्या बाजूने टाळ्या वाजवणारे जे थोडे लोक होते त्यात पाकिस्तानचे हॉकी खेळाडू होते, ही आठवण आपले खेळाडू पुढे कितीतरी वर्षं सांगत राहिले.

त्यानंतर आजपर्यंत भारताच्या पुरुष संघाला एशियन गेम्सचं फुटबॉल सुवर्ण मिळालेलं नाही.

११ जून १९६३

जकार्ताहून परतल्यावर रहीम साहेबांकडे फार दिवस नव्हते. ११ जून १९६३ रोजी हैदराबादमध्ये त्यांचं निधन झालं. वय अवघं ५३. सुवर्णपदकाला नऊ महिनेच झाले होते. त्या वर्षी हैदराबादच्या पोलीस संघाने, ज्याचं नाव तोवर आंध्र पोलीस झालं होतं, पुन्हा रोव्हर्स कप जिंकली. ते बघायला मास्तर नव्हते.

कोचला दिला जाणारा द्रोणाचार्य पुरस्कार सुरू झाला १९८५ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर बावीस वर्षांनी. त्यांचे चिरंजीव सय्यद शाहिद हकीम यांनी वडिलांचा वारसा पुढे नेला. १९६० च्या ऑलिम्पिक संघात ते होते, पुढे फिफाचे रेफ्री झाले, कोच झाले, २०१७ मध्ये त्यांना ध्यानचंद पुरस्कार मिळाला. २०२१ मध्ये तेही गेले. पी. के. बॅनर्जी स्वतः मोठे कोच झाले आणि रहीम साहेबांना आयुष्यभर गुरू मानत राहिले. २०२४ मध्ये ईदच्या सुमारास मैदान हा सिनेमा आला आणि अजय देवगणमुळे का होईना, अनेकांनी रहीम हे नाव पहिल्यांदा ऐकलं. सिनेमात सिनेमाच्या गोष्टी असतातच. पण साठ वर्षं आपण ते नाव विसरलो होतो, याची थोडी तरी लाज वाटायला हवी.

रहीम साहेबांनंतर भारतीय फुटबॉल का घसरला याची कारणं पुष्कळ असतील. मला एक दिसतं. त्यांच्याकडे शाळेपासून वरपर्यंत जाणारी एक साखळी होती. शाळेतलं पोरगं, मग छोट्या स्पर्धा, मग क्लब, मग पोलीस, मग भारत. ते गेल्यावर खेळाडू राहिले, साखळी राहिली नाही. आज आपल्या वस्त्यांमधल्या शाळांत खेळाचा तास वेळापत्रकात असतो आणि त्या तासाला बऱ्याचदा गणित घेतलं जातं. मीही घेतलंय, कबूल करतो. मैदान नसतं, चेंडू नसतो, पीटीचा शिक्षक नसतो. मालेगाव, भिवंडी, मुंब्रा, औरंगाबादच्या गल्ल्यांत रात्री बल्बच्या उजेडात खेळणारी पोरं बघा. पाय आहेत. सायकलचं भाडं देणारा कुणी नाही.

या मरहूम मास्तरच्या आठवणीसाठी पुतळा किंवा जाहीर कार्यक्रम नको. ज्या शाळांच्या समित्यांवर आपले लोक बसलेत त्यांनी एवढं करावं की आठवड्यातले दोन खेळाचे तास खरोखर मैदानावर व्हावेत. ज्यांच्याकडे थोडा पैसा आहे त्यांनी एखाद्या पोराच्या बुटांची, प्रवासाची सोय करावी. रहीम साहेबांनी सुरुवात याच गोष्टींनी केली होती.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात जाऊन मुलांना ही सगळी गोष्ट सांगितली. मागच्या बाकावरच्या त्या पोराने वहीत माझी पाच नावं लिहून घेतली. मग विचारलं की रहीम सरांचं नाव कुठे लिहू, ते तर खेळाडू नव्हते. मी म्हटलं, यादीच्या वर लिही, जिथे आपण विषयाचं नाव लिहितो तिथे.